पल्स ऑक्सिमीटर: बोटावरचा आकडा कसा येतो आणि कधी फसवतो

पल्स ऑक्सिमीटर हे बोटाच्या टोकाला चिमट्यासारखे लावायचे छोटे यंत्र आहे. त्यावर दोन आकडे दिसतात. एक नाडीचा, म्हणजे मिनिटाला हृदयाचे किती ठोके पडतात तो. दुसरा ऑक्सिजनचा, टक्क्यांमध्ये. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले आहे, याचा तो अंदाज असतो. डॉक्टर आणि नर्स त्याला ‘सॅच्युरेशन’ किंवा ‘एसपीओटू’ म्हणतात. समुद्रसपाटीच्या आसपास राहणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा साधारण ९५ ते १०० असतो.

कोविडच्या साथीत हे यंत्र घरोघरी पोचले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. साथ ओसरली, यंत्र मात्र कपाटात राहिले. आता आजोबांना दम लागला किंवा कुणाला जास्त खोकला झाला की ते बाहेर निघते, आणि ९७ आकडा दिसला की घरातले सगळे निर्धास्त होतात.

बहुतेक वेळा ते ठीकच असते. पण काही वेळा यंत्र ९९ दाखवत असते आणि माणूस मरणाच्या दारात असतो. ते प्रसंग ओळखायचे असतील तर हे यंत्र नेमके काय मोजते आणि ते कसे सापडले, हे माहीत असणे फार उपयोगी पडते. म्हणून सुरुवात थोडी मागून करू.

ओठ निळे दिसेपर्यंत वाट

रक्तात ऑक्सिजन भरपूर असला की रक्त लालभडक दिसते, कमी झाला की काळसर. त्यामुळे ऑक्सिजन फार उतरला की ओठ, जीभ आणि नखे निळसर पडतात. हे यंत्र येण्यापूर्वी डॉक्टरांचा भरवसा मुख्यतः या निळेपणावर होता. ऑपरेशन चालू असताना भूल देणारे डॉक्टर रुग्णाचे ओठ, नखे आणि जखमेतल्या रक्ताचा रंग पाहत बसत.

हा भरवसा किती कच्चा होता ते १९४७ मध्ये अमेरिकेत ज्युलियस कॉमरो आणि स्टेला बोटेल्हो यांनी दाखवून दिले. त्यांनी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा दिली आणि निळेपणा कधी दिसतो ते निरीक्षकांना सांगायला लावले. सॅच्युरेशन ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बहुतेकांना तो खात्रीने ओळखता आला नाही. आज ८० आकडा दिसला तर आपण रुग्णाला उचलून रुग्णालयात नेतो. तेव्हा ८० पर्यंत काही कळतच नव्हते. सावळ्या माणसात किंवा मंद उजेडात तर निळेपणा ओळखणे आणखी अवघड.

धमनीतून रक्त काढून तपासले तर नेमका आकडा मिळतो. आजही तीच सर्वांत खात्रीची तपासणी आहे. पण ती सुई टोचून करावी लागते, दुखते, आणि निकाल येईपर्यंत काही मिनिटे जातात. श्वास थांबलेल्या माणसाकडे तेवढी मिनिटे नसतात.

प्रकाशाने ऑक्सिजन मोजण्याची कल्पना तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणारे वैमानिक ऑक्सिजनअभावी बेशुद्ध पडत, म्हणून ग्लेन मिलिकन यांनी कानाच्या पाळीला लावायचे यंत्र बनवले. ‘ऑक्सिमीटर’ हे नावही त्यांचेच. अडचण अशी होती, की कानातून आरपार जाणारा प्रकाश फक्त धमनीतल्या रक्तातून जात नाही. कातडी, मांस आणि शिरांमधले काळसर रक्त हे सगळे त्याच्या वाटेत येते. मग आधी पाळी दाबून रक्त बाहेर काढायचे, कोरी नोंद घ्यायची, नंतर पाळी गरम करून रक्त आणायचे, असे उपद्व्याप करावे लागत. १९७० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डने आठ वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरणारे यंत्र आणले. ते अचूक होते, पण अवजड आणि महाग. ते प्रयोगशाळेत राहिले, खाटेपर्यंत आले नाही.

आओयागींच्या यंत्रातला अडथळा

ताकुओ आओयागी हे टोकियोतल्या निहोन कोहदेन या कंपनीत १९७१ मध्ये रुजू झालेले अभियंते. त्यांना ऑक्सिजन मोजायचाच नव्हता. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते ते त्यांना मोजायचे होते. त्यासाठी शिरेतून एक हिरवा रंग टोचतात आणि तो रक्तात मिसळून कसा विरत जातो ते पाहतात. एरवी त्यासाठी धमनीतून पुन्हा पुन्हा रक्त काढावे लागते. ते टाळून कानातून जाणाऱ्या प्रकाशावरूनच रंगाचा आलेख काढावा, असा त्यांचा बेत होता.

पण आलेख सरळ येईना. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कानात रक्ताची लहानशी लाट येते, प्रकाश किंचित कमी-जास्त होतो आणि आलेखावर दातेरी रेघ उमटते. हा अडथळा काढायला आओयागींनी दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरला. एक हिरव्या रंगात शोषला जाणारा, दुसरा न शोषला जाणारा. एकाला दुसऱ्याने भागले की ठोक्यांची लाट दोन्हीकडून कटून जाईल, असा हिशेब. तो जुळलाही. फक्त माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन बदलला की हिशेब पुन्हा बिघडे आणि दाते परत दिसू लागत.

इथे एखाद्याने यंत्रात आणखी एक दुरुस्ती केली असती. आओयागींच्या लक्षात आले, की लाट कटत नाही ती ऑक्सिजनमुळे, म्हणजे या लाटेतच ऑक्सिजनचा आकडा दडलेला आहे. आणि लाट फक्त धमनीत येते; कातडी, मांस आणि शिरा ठोक्याबरोबर जवळजवळ हलत नाहीत. म्हणजे प्रकाशातला फक्त हलणारा भाग मोजला, की बाकी सगळे आपोआप बाजूला पडते. पाळी दाबायला नको, गरम करायला नको. तीस वर्षे ज्या अडचणीशी झगडा चालला होता ती नाडीनेच सोडवली. यंत्राच्या नावातला ‘पल्स’ तो हाच.

त्यांनी हे काम १९७४ मध्ये जपानमधल्या एका परिषदेत मांडले आणि कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला. काही आठवड्यांनीच मिनोल्टा या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीनेही तशाच कल्पनेचा अर्ज दाखल केला, आणि बोटाला लावायचे यंत्र १९७७ मध्ये मिनोल्टाने आणले. निहोन कोहदेनने जपानबाहेर पेटंट घेतले नाही. शोध काही वर्षे तसाच पडून राहिला. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम न्यू या अमेरिकी भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेलकॉर ही कंपनी काढून ऑपरेशन थिएटरला साजेसे यंत्र बनवले. ऑक्सिजन उतरू लागला की त्या यंत्राचा आवाज खाली खाली जात असे. डॉक्टरांची नजर जखमेवर असली तरी कानाला बदल कळे. आयसीयूच्या दाराबाहेर तुम्ही जो टूं-टूं आवाज ऐकता, त्याची चाल तिथून आली आहे. १९९० पासून अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक भुलीत हे यंत्र आवश्यक केले.

आओयागी एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी वारले. त्या दिवसांत जगभर लोक औषधांच्या दुकानांत त्यांचे यंत्र शोधत फिरत होते.

बोटात काय घडते

तुमच्या घरचे यंत्र उघडून आत पाहिलेत तर लाल दिवा दिसेल. त्याच्या शेजारी आणखी एक दिवा असतो, अवरक्त प्रकाशाचा, तो डोळ्यांना दिसत नाही. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषते. दोन्ही दिवे आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लागतात, समोरचा संवेदक बोटातून पलीकडे आलेला प्रकाश मोजतो, आणि यंत्र फक्त ठोक्याबरोबर हलणारा भाग वेगळा काढते. हा भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. लाल लाट आणि अवरक्त लाट यांचे गुणोत्तर काढले की झाले.

पण गुणोत्तर म्हणजे टक्केवारी नव्हे. कोणत्या गुणोत्तराला किती टक्के लिहायचे, याचे कोष्टक यंत्रात आधीच भरलेले असते. ते निरोगी स्वयंसेवकांवर तयार करतात. त्यांना कमी ऑक्सिजनची हवा देत जायचे आणि त्याच वेळी धमनीतले रक्त तपासायचे. ७० टक्क्यांच्या खाली माणसाला नेणे धोक्याचे, म्हणून कोष्टक साधारण तिथे थांबते. त्याखालचे आकडे यंत्र अंदाजाने लिहिते. म्हणून आकडा ६२ आहे की ५५, यावर वेळ घालवू नये. दोन्हींचा अर्थ एकच: तातडी.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. लाल आणि अवरक्त लाटा सारख्या झाल्या, गुणोत्तर १ आले, की यंत्र ८५ च्या आसपास आकडा दाखवते. हात थरथरत असेल तर दोन्ही प्रकाश सारखेच हलतात, आणि ठणठणीत माणसाच्या बोटावर ८५ दिसू शकते. बोलताचालता, धाप नसलेल्या माणसाचा आकडा अचानक ८५ वर अडकला तर आधी हात टेकवून स्थिर करा आणि पुन्हा पाहा. काही औषधांमुळे किंवा रसायनांमुळे हिमोग्लोबिनचा प्रकारच बदलतो, तेव्हाही आकडा ८५ च्या जवळ चिकटून राहतो. ओठ राखाडी-निळे असतील तर हा दुसरा प्रकार समजा आणि लगेच निघा.

आकडा चांगला, माणूस धोक्यात

हा भाग नीट वाचा. हे यंत्र फक्त नाडीबरोबर हलणाऱ्या रक्ताचा रंग ओळखते. रंग लाल असला की त्याच्या दृष्टीने सगळे छान.

बंद बाथरूममधला गॅस गीझर हे याचे सर्वांत घातक उदाहरण. हवा खेळती नसेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि मग ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. पण त्याचा रंग लालच राहतो. दोन प्रकाशांच्या यंत्राला हे रक्त आणि ऑक्सिजनने भरलेले रक्त वेगळे ओळखता येत नाही. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या मुलीच्या बोटाला यंत्र लावले तर ते ९९ दाखवू शकते, आणि घरातले म्हणतात, ऑक्सिजन तर चांगला आहे, चक्कर आली असेल, थोडी पडू दे. तसे करू नका. दार-खिडक्या उघडा, तिला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा, की गॅस गीझर चालू होता. तेवढ्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. डॉक्टर आकडा न पाहता पूर्ण ऑक्सिजन सुरू करतील आणि रक्तात हा वायू किती आहे ते तपासतील. साध्या हवेत तो रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, घरात चालवलेला जनरेटर आणि आगीतला धूर यांनाही हेच लागू आहे. घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर अन्नातून विषबाधा झाली असे समजण्याआधी गीझर आणि शेगडी आठवा.

दुसरा प्रसंग पांडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी असण्याचा. यंत्र टक्के सांगते, साठा सांगत नाही. हिमोग्लोबिन १४ असलेल्या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १८ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, ६ असलेल्या बाईच्या रक्तात जेमतेम ८. दोघींच्या बोटावर आकडा ९९ च. अंगावरून खूप जाणाऱ्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईला ‘ऑक्सिजन चांगला आहे’ असे सांगून घरी बसवणे म्हणून चुकीचे आहे. तिचे हिमोग्लोबिन तपासायला हवे. सिकल सेल असलेल्या रुग्णातही केवळ बोटावरच्या आकड्यावर विसंबू नये.

तिसरा प्रसंग घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णांचा. बरीच वर्षे विडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात काम केलेल्या, फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला जास्त ऑक्सिजन दिला तर आकडा ९८ होतो, पण श्वास मंदावून शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. तो हे यंत्र मोजतच नाही. रुग्ण गुंगीत जातो, बोलणे असंबद्ध होते, सकाळी डोके जड असते. अशा रुग्णांसाठी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ एवढाच आकडा ठेवायला सांगतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करून ऑक्सिजनची कळ वाढवू नका. आणि रुग्ण नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटला तर आकडा चांगला असला तरी डॉक्टरांना कळवा.

चौथी गोष्ट कातडीच्या रंगाची, आणि ती आपल्याला थेट लागू होते. गडद कातडी प्रकाश जास्त शोषते, आणि आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसण्याकडे कल असतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला खरा आकडा ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. त्यानंतर तिथल्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये डॉक्टरांना आणि नागरिकांना सावध केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ही यंत्रे वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांवर नीट तपासावीत असा मसुदा काढला. यंत्राची कल्पना आओयागींची, पण कोष्टक कोणाच्या बोटांवर भरले हा प्रश्न इतकी वर्षे फारसा कोणी विचारला नव्हता. तुमच्यापुरता अर्थ एवढाच: सावळ्या माणसाचा आकडा ९३ असेल आणि त्याला धाप लागत असेल, तर ९३ ला ‘काठावर पास’ समजू नका.

तसेही ही यंत्रे दोन-चार टक्क्यांनी इकडेतिकडे असतातच. त्याच औषध प्रशासनाच्या म्हणण्यानुसार ९० आकडा दिसला तर खरा आकडा ८६ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा त्याच यंत्रावर, त्याच माणसाचा आकडा कसा बदलतो आहे ते जास्त बोलके असते. एरवी ९८ असणाऱ्या आईचा आकडा दोन दिवसांत ९४ वर आला, तर ती घसरण महत्त्वाची.

आकडा वाईट, माणूस ठीक

हात थंडगार असतील तर बोटात रक्त कमी येते, लाट लहान होते आणि आकडा चुकतो किंवा येतच नाही. गडद नेलपॉलिश, कृत्रिम नखे आणि बोटाच्या टोकावरची गडद काळी मेंदी प्रकाश अडवतात. लग्नघरात हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी मेंदी नसलेले बोट शोधा किंवा पायाचे बोट वापरा. प्रखर उन्हात यंत्र लावले तरी गडबड होते.

उंचीवरही आकडा उतरतो. लेहला, साडेतीन हजार मीटरवर गेलेल्या निरोगी पर्यटकाचा आकडा ९० च्या जवळ असणे स्वाभाविक आहे. तिथे आकड्यापेक्षा डोकेदुखी, उलट्या, बसल्या जागी धाप आणि चालताना तोल जाणे याकडे लक्ष द्या. हे दिसले तर खाली उतरा.

मात्र आजारी माणसाच्या गार पडलेल्या, घामेजलेल्या हातावर आकडा येतच नसेल, तर यंत्राची बॅटरी बदलत बसू नका. रक्तदाब फार खाली गेला की बोटापर्यंत लाट पोचत नाही. आकडा न येणे हीच तिथे बातमी असते.

कसे लावायचे, कधी निघायचे

पाच मिनिटे शांत बसा, हात चोळून गरम करा, हात टेबलावर टेकवा. मधले बोट किंवा तर्जनी पूर्ण आत घाला, नख दिव्याच्या बाजूला. लावल्या लावल्या दिसणारा आकडा धरू नका. अर्ध्या-एक मिनिटात तो स्थिर होतो, तेव्हाचा लिहा. दुसऱ्या हाताने मनगटावरची नाडी मोजा. ती यंत्राच्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही विश्वासाचा नाही, कारण यंत्राला नाडीच नीट सापडलेली नाही. ही सर्वांत सोपी परीक्षा, आणि फार थोडे लोक ती करतात.

मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाला लावू नका. त्यांच्यासाठी पट्टीसारखा वेगळा संवेदक असतो. रुग्णालयात जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला तो लावून तपासणी केली तर हृदयाचे काही गंभीर जन्मजात दोष वेळेत लक्षात येतात. घरी जाण्यापूर्वी ती झाली का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही.

आधी निरोगी असलेल्या मोठ्या माणसाचा आकडा नीट लावूनही ९४ किंवा ९३ राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९२ किंवा कमी असेल तर थेट रुग्णालयात जा. आणि आकडा कितीही असो, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर किंवा राखाडी असतील, माणूस गोंधळलेला किंवा जागा न होणारा असेल, तर यंत्र बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. दम्याचा झटका आलेला तरुण बराच वेळ ९५-९६ टिकवून धरतो, कारण तो जिवाच्या आकांताने श्वास घेत असतो. तो थकला की आकडा झपाट्याने कोसळतो. फुप्फुसात घडलेले बोटापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. श्वास थांबला तरी आकडा लगेच हलत नाही, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर काही मिनिटेसुद्धा चांगला दिसू शकतो. म्हणून श्वास थांबलेल्या माणसाच्या बोटाला यंत्र लावून बघत बसणे म्हणजे हातची वेळ घालवणे.

ऑपरेशन आणि आयसीयू

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनपूर्वीची जी तपासयादी दिली, तिच्यात भूल देण्याआधी ऑक्सिमीटर लावलेला आहे आणि चालू आहे का, असा स्वतंत्र प्रश्न आहे. तरीही २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका अभ्यासाने जगात सत्तर हजारांहून अधिक ऑपरेशन थिएटरमध्ये हे यंत्र नसल्याचा अंदाज दिला. ती उणीव भरून काढण्यासाठी २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांतले शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांचे वडील महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेले. छोट्या रुग्णालयात ऑपरेशन असेल तर भूल कोण देणार आणि ऑक्सिमीटर आहे का, हे दोन प्रश्न विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही.

यंत्र आहे म्हणजे रुग्ण सुरक्षित, असे मात्र नाही. डेन्मार्कमध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र लावलेल्यांमध्ये ऑक्सिजन उतरल्याचे कितीतरी जास्त वेळा लक्षात आले, पण मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा मी घेत नाही. मृत्यू मुळातच इतके थोडे होते, की फरक दिसायला आणखी कितीतरी मोठा अभ्यास लागला असता. पण यंत्र फक्त हाक मारते. धावून जाणारे माणूस लागते, हे त्यातून दिसतेच.

आयसीयूत नातेवाइकाला भेटायला गेलात की नजर आधी मॉनिटरवर जाते. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारची लाट पाहा. ती एकसारखी डोंगरांसारखी येत असेल तर आकडा बहुधा खरा. वेडीवाकडी असेल आणि रुग्ण हात हलवत असेल, तर घंटा वाजली तरी लगेच घाबरू नका, नर्सला सांगा. चिमटा स्वतः काढू-घालू नका आणि घंटा बंद करू नका. तासन्‌तास एकाच बोटाला लावलेल्या चिमट्याने कातडी दुखावते, म्हणून नर्स जागा बदलतात. बोट लाल दिसले तर तेही त्यांच्या नजरेस आणून द्या.

विकत घेताना

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक पाहा. शक्यतो नाडीची लाट दाखवणारे यंत्र घ्या, नुसते आकडे दाखवणारे नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर उपचाराचे निर्णय घेऊ नका. मनगटी घड्याळातला आकडाही आजारपणात आधाराला पुरेसा नाही. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑक्सिमीटरवरच्या व्यापारी नफ्यावर मर्यादा घातली, तेव्हापासून बरी यंत्रे आवाक्यात आली आहेत. आणल्यावर घरातल्या सगळ्यांचा बरे असतानाचा आकडा एका कागदावर लिहून तो यंत्राच्या डबीतच ठेवा, आणि वापर नसेल तेव्हा बॅटरी काढून ठेवा. ती आत गळून यंत्रे वाया जातात.